सुभेदाराचं पथ्य

"भिया, जरा पकडो!" असं ओरडत भूषणने कुत्रा टेबलावर ठेवला, आणि ठेवल्या ठेवल्या सुभेदाराने मान टाकली.

डॉक्टर कस्तुरीने स्टेथोस्कोप त्याच्या छातीला लावला. सुभेदार तिचा नेहमीचा पेशंट. तुकोगंजातल्या द्वारकाबाईंचा लॅब्रेडॉर. नावाचाच सुभेदार, एरवी मांजर दिसलं की टेबलाखाली लपणारा. आता त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, अंग थडथड उडत होतं आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"विष आहे हे. कीटकनाशकासारखं काहीतरी," ती म्हणाली. "मनीष, सलाईन लाव. अ‍ॅट्रोपीन भर, पटकन!"

कंपाउंडर मनीष धावला. इंदुरातल्या विजय नगरच्या या जनावरांच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर नेमके आज भोपाळला गेलेले. साताऱ्याहून इथे येऊन कस्तुरीला वर्षही झालं नव्हतं, आणि विषबाधेचा मागचा कुत्रा तिच्या हातातच गेला होता. तो अजून तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"काय खाल्लं याने?"

"काय माहीत, मॅडम." भूषण, द्वारकाबाईंचा हा पुतण्या, घामाने नुसता निथळत होता. "बाहेरच काहीतरी. कॉलनीत लोक उंदरांसाठी टाकतात ना काहीबाही."

"आणि घरचं?"

"घरचं काही नाही. सवालच नाही!"

तेवढ्यात सुभेदार ओकला. पिवळा भात आणि त्यात कढीपत्त्याचं अख्खं पान.

कस्तुरीला असा राग आला म्हणता! या कुत्र्याची किडनी नाजूक. पाकिटातल्या खाण्याशिवाय काही द्यायचं नाही, असं तिने द्वारकाबाईंना हात जोडून सांगितलं होतं. पण जनावरांच्या डॉक्टरला पेशंट कधी फसवत नाही, फसवतो तो त्याचा माणूस. 'फक्त एक बिस्कीट हं' म्हणणाऱ्याचं कुत्रं पोहे-जिलबीवर पोसलेलं निघतं. इंदूर आहे हे, बाबा!

"पथ्य मोडलंत ना? त्याचं नंतर बघते."

भूषणने मान खाली घातली. मग खिशातला रुमाल काढला आणि स्वतःच टेबल पुसायला लागला.

"अहो राहू द्या, मनीष करेल."

"नको मॅडम, अपना ही बच्चा है."

कस्तुरीचा राग निम्मा उतरला. उलटीचा थोडा नमुना ठेवावा असं तिच्या मनात आलं होतं, पण तोवर कुत्र्याच्या छातीचे ठोके मंदावले आणि बाकी सगळं ती विसरली. एक इंजेक्शन झालं, मग दुसरं. "चल रे राजा, चल," ती पुटपुटत होती.

भिंतीशी उभा राहून भूषण सारखा घरी फोन लावत होता.

"काकू, जेवलीस का? अगं, मग जेव ना! तू उपाशी राहून काय होणारे? टेन्शन मत ले. तू आधी जेवून घे."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. "अजून नाही? असं नको ना करू, काकू."

कस्तुरीला गलबलून आलं. मूलबाळ नसलेल्या बाईला असा पुतण्या मिळायला नशीब लागतं. मानपूरचा आपला धंदा सोडून महिनाभर तो म्हातारीपाशी येऊन राहिला होता. आणि आपण? साताऱ्यात आई एकटी आहे, 'जेवलीस का' असं तिला शेवटचं कधी विचारलं होतं? तिची तिलाच लाज वाटली.

"मॅडम, तुम्ही एकदा बोला ना काकूशी," भूषण जवळ येऊन म्हणाला. "सांगा, वाचेल म्हणून. माझं ऐकत नाही ती. तुमच्या तोंडून ऐकलं तरच जेवेल."

"खोटा धीर मी कुणाला देत नाही. वाचला तर लगेच सांगेन."

"पण वाचेल ना?" त्याचा आवाज कापत होता. "वाचवा हो त्याला. खजरान्याच्या गणपतीला नवस बोललोय मी."

गणपती पावला म्हणायचा. हळूहळू लाळ आटली. अंगाचं उडणं थांबलं. सुभेदाराने डोळे उघडले, कस्तुरीचं मनगट चाटलं आणि शेपटी टेबलावर एकदा आपटली.

"लौट आए सुभेदार!" मनीष ओरडला. कस्तुरीने तोंड फिरवून डोळे पुसले.

भूषण मटकन बाकावर बसला. "आता तरी करा फोन, मॅडम," एवढंच म्हणाला आणि गाडी दारापाशी आणायला बाहेर गेला.

कस्तुरीने काउंटरवरून फोन लावला.

"आजी, मी कस्तुरी. सुभेदार वाचला. धोका टळला."

पलीकडे नुसते हुंदके. मग द्वारकाबाई म्हणाल्या, "देवासारखी धावलीस गं पोरी! भूषण मघापासून सांगतोय, पण तो हळवा, उगाच समजूत काढतो. म्हटलं, तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही."

"आजी, मी रागावणार नाही, पण खरं सांगा. कढीभात घातला होता ना त्याला?"

"घातला गं. चुकलंच माझं. पण आमच्याकडे सासूबाईंपासूनची रीत आहे. आपल्या ताटातलं आधी दारच्या मुक्या जिवाला, मग आपण. आणि आज भूषणने स्वतः रांधलं होतं, खास माझ्यापुरतं. त्याला कढी चालत नाही ना. मला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही बघ लबाडाने."

कस्तुरीने भूषणने पुसलेल्या टेबलाकडे पाहिलं. "आजी, ते ताट..."

"तेच घेऊन बसलेय. गार झालंय, पण पोराने एवढ्या मायेने केलेलं टाकवतं का?"

"आजी, थांबा! माझं ऐका..."

"तूच थांब जरा," द्वारकाबाई म्हणाल्या, "तोंडात घास आहे."