पदरावरची चिठ्ठी

“वन्संची खोड काही जायची नाही,” सासूबाई म्हणाल्या. “दुसऱ्यांकडून आलेल्या साड्या आपलं नाव लावून पुढे ढकलायच्या. आणि चिठ्ठी चिकटवलीय कशी, तर पदरावरच डिंक थापून.”

ऋजुता ओट्यापाशी उभी राहून त्या चिठ्ठीवर बर्फ फिरवत होती. कडक झालेला डिंक चमच्याच्या दांड्यानं खरवडला की कोंड्यासारखा गळत होता.

“रंग तरी बघ. कुठल्या दरिद्री घरातून निघालीय कोण जाणे. डिंक निघाला की कामवालीला देऊन टाक.”

आत्याबाईंची चिठ्ठी एकदाची सुटली. खाली आणखी एक लहान चिठ्ठी होती, गंजक्या टाचणीनं लावलेली. तिच्यावरचं किरटं अक्षर ऋजुतानं लगेच ओळखलं. ‘विहीणबाईंना सप्रेम.’

चार वर्षांपूर्वी, तिच्या लग्नात आईनं मानाची म्हणून दिलेली साडी. अजून घडीही मोडलेली नव्हती.

तिनं चमचा धुऊन जागेवर ठेवला आणि साडी सासूबाईंच्या मांडीवर पसरली.

“आत्याबाईंची चिठ्ठी निघाली,” ती म्हणाली. “खाली माझ्या आईची आहे. तेवढी काढायची तुमच्याकडून राहून गेली होती.”