मिलीची पहिली टेस्ट

इस्रायलमधल्या बेर्शेबाच्या टेस्ट-स्टेशनात मिलीने पांढरी सुबारू तपासणीच्या खड्ड्यावर नेमकी आणून उभी केली, आणि शेजारी बसलेला तिचा नवरा हासाजी म्हणाला, "वाकडी लावलीस."

गाडी सरळ होती. पुढे उभ्या असलेल्या इन्स्पेक्टर एरेझलाही ती सरळच दिसली. पण बायकोचं कौतुक करायची हासाजीची हीच तऱ्हा.

दर वर्षी गाडी टेस्टला तोच आणायचा. यंदा पेसाहच्या सणात त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा बसली. मग साठीला टेकलेल्या मिलीने लायसन काढलं. आता अरादच्या घरून त्याला इथल्या हॉस्पिटलात व्यायामाला तीच आणते. गाडी आज नापास झाली तर ते बंद. तसला पाय घेऊन तो बसमध्ये कसा चढणार?

वाचा परत आल्यापासून हासाजीने एकच उद्योग धरला होता. रोज बिल्डिंगखाली उभ्या गाडीत बसून मिलीकडून टेस्टची तालीम करून घ्यायची. त्याने हुकूम सोडायचा, तिने पाळायचा.

"डावा सिग्नल," एरेझ हिब्रूत ओरडला.

"डावा, मिली," हासाजी मराठीत ओरडला. मिलीने डावा लावला.

"मोठे दिवे!"

"उजवा!" हासाजीने तालमीतला पुढचा हुकूम सोडला, आणि सवयीप्रमाणे मिलीचा हात नवऱ्याच्या आवाजामागे गेला. उजवा सिग्नल लुकलुकू लागला. एरेझने पुन्हा सांगून पाहिलं, पुन्हा तेच.

एरेझ खिडकीशी आला. "बाई, एक तर मी बोलेन, नाही तर हे. यांना गप्प बसवा, नाही तर गाडी बाहेर काढा."

हासाजीचं तोंड एवढंसं झालं. "बसतो गप," तो पुटपुटला.

मिलीने इंजिन बंद केलं. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला. मिलीने मागे वळूनही पाहिलं नाही. धन्य त्या बाईची!

"गाडी नापास करा, साहेब," ती मोडक्यातोडक्या हिब्रूत म्हणाली. "पण याला गप्प नका करू. हा आवाज मी एलियाहू हन्नाबीकडून मागून घेतलाय. गेल्या आठवड्यातच मलिदा करून नवस फेडला."

पोह्या-खोबऱ्याचा मलिदा एरेझला काय कळणार! पण एलियाहू प्रेषित सगळ्याच यहुद्यांचा, त्याच्याही घरचाच. तो खड्ड्यात उतरला. खालून नुसता हातोडीचा आवाज येत राहिला. मिलीने गुपचूप इंजिन चालू केलं.

"सबा," खालून हाक आली. आजोबांना हाक मारावी तशी. "तिला सांगा, मोठे दिवे."

हासाजीने आधी मिलीकडे पाहिलं, मग घसा खाकरला. "मोठे दिवे, मिली."

दिवे लागले. मग उजवा झाला, हॉर्न झाला.

"सबा, ब्रेक!"

"ब्रेक! दाब गो, मिली!" हासाजी असा गरजला की मागच्या ट्रकवाल्यानेही ब्रेक दाबला.

एरेझ वर आला, हात पुसले आणि कागदावर 'पास'चा शिक्का मारून तो मिलीच्या हातात दिला.

"बाई," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी यांना घेऊनच या."