हाताची सवय

दुपारच्या सामसूम घरात झोळीची कडी कुरकुरली आणि पाठोपाठ तीन महिन्यांचा हर्षदीप रडू लागला. दीक्षा भाकर थापता थापता उठली.

"बस तिथंच," सासू रुक्माबाई सुपात ज्वारी पाखडत म्हणाल्या. "रडू दे. लेकराले हाताची सवय लागली तं सोमवारी शाळेत शिकवाले कशी जाशीन? आमी वावराच्या धुऱ्यावर झाडाले झोळी बांधून कापूस येचला. लेकरं रडून रडून आपोआप झोपत."

"झोपत नव्हती, आत्याबाई. कोनी येत नाही, हे शिकत होती."

रुक्माबाईंचा हात सुपातच थांबला. या घरात आजवर त्यांना कोणी उलटून बोललं नव्हतं. "मास्तरीण तू बेला गावच्या शाळेत. इथं मले शिकवू नको."

दीक्षाने पिठाच्या हातांनीच बाळाला उचलून छातीशी धरलं. तव्यावरची भाकर करपली, तरी ती हलली नाही. "सवय लागते तं लागू द्या. घरी असली का मी घेईन. अन् मी नसली का तुमी घ्यान."

बाळ हुंदके देत देत निवलं. उंबऱ्यावर बसून पाच वर्षांची प्रगती मघापासून सगळं पाहत होती. ती उठून आईजवळ आली आणि भावाच्या गालावरचं पीठ फ्रॉकने पुसू लागली.

"आई, आजी म्हनते, लहानपनी मी बी रडून रडूनच झोपत होती. तवा तू घरी नव्हती काय?"