अडतीस नावांची यादी

चौदावी आणि पंधरावी यांच्यात थोरलीचं पेन अडलं ते अडलंच. दोघी मुली अकरा वर्षांच्या, दोघींचा वेग सारखा, पास सारखे. एकोणीस-वीसचाही फरक नव्हता. तरी एकीला वर आणि दुसरीला खाली बसवायचं होतं, तेही शुक्रवारच्या आत.

ती शिकवत होती त्या फुटबॉल अकादमीच्या संचालकांनी तसं बजावलंच होतं. सव्वीस मुलींची क्रमवारी लागली की पहिल्या दहा जणींना मोठं मैदान आणि रोजचा सराव मिळणार होता. बाकीच्यांनी आठवड्यातून दोनदा यायचं. इतक्या लहान वयात क्रम लावून काय कळतं, असं थोरलीनं त्यांना विचारून पाहिलं. ते हसले. म्हणाले, हे इतर कुणी विचारलं असतं तर एक वेळ समजलो असतो, तुम्ही विचारताय?

पंचवीस वर्षांपूर्वी एका निवड शिबिरानंतर अडतीस मुलींची क्रमवारी जाहीर झाली होती. ती ज्यांनी लावली त्या प्रशिक्षकांच्या गळ्यात झोपतानाही शिट्टी असावी अशी मुलींना शंका होती, म्हणून सगळ्या त्यांना शिट्टीसर म्हणायच्या. त्या यादीतल्या पहिल्या दहांपैकी सात जणी पुढे देशाकडून खेळल्या. पहिलं नाव थोरलीचं होतं. ती आठ वर्षं कर्णधार होती.

अडतिसावं नाव तिच्या धाकट्या बहिणीचं होतं.

धाकटीनं त्याच वर्षी फुटबॉल सोडला. रडली नाही, कुणाशी भांडली नाही. आता तिचं चष्म्यांचं दुकान होतं आणि ते छान चालत होतं. त्या यादीचा विषय दोघींत कधी निघत नसे. निघालाच तर थोरली म्हणायची, सरांची नजर चुकत नाही. आणि धाकटी म्हणायची, बरं.

संध्याकाळी कागदांची चळत घेऊन थोरली दुकानात गेली. धाकटी एका फ्रेमचा स्क्रू आवळत होती. हात न थांबवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मी दिवसभर लोकांना भिंगं बदलून विचारते, हे स्पष्ट दिसतं की ते," ती म्हणाली. "फरक नसला तरी एकही जण सारखं दिसतं म्हणत नाही. काहीतरी सांगून मोकळा होतो. सरांनी कसं ओळखलं असेल, ताई?"

हाच प्रश्न थोरलीला महिनाभर छळत होता. तिनं शिबिराची जुनी नोंदवही मिळवून तिच्यात रात्रंदिवस डोकं घातलं होतं. गोल मोजले, तर धाकटीचे पाच आणि तिचे स्वतःचे दोनच. वय लावून पाहिलं, उंची लावून पाहिली, धावण्याच्या वेळा लावून पाहिल्या. यादीशी काही केल्या मेळ बसेना. गोलांचं धाकटीला सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ती कागदांची चळत सारखी करू लागली.

"त्यांनाच जाऊन विचार की," धाकटी म्हणाली. "ती युक्ती कळली तर निदान तुझ्या पोरी तरी नीट लागतील."

शिट्टीसर आता लेकीकडे राहत होते. थोरली गेली तेव्हा ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. तिला पाहून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी आधी तिच्या गुडघ्याची चौकशी केली, मग अकादमीची. ती त्यांच्या समोर स्टुलावर बसली आणि तिनं सरळच विचारलं, की आमचा क्रम तुम्ही कशावरून लावलात.

सरांनी झारी खाली ठेवली.

"ती क्रमवारी नव्हती," ते म्हणाले.

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. शिबिर संपल्यावर त्यांनी लिफाफ्यात दोन कागद घातले होते. एक क्रमवारीचा. दुसरा परतीच्या बसच्या हजेरीचा. कुणी मागे राहू नये म्हणून जी जशी बसमध्ये चढेल तसं ते नाव लिहून घेत होते. कचेरीत टाइप झाला तो दुसरा. सरांच्या लक्षात आलं तोवर चार दिवस उलटले होते. ते धावत कचेरीत गेले. पण यादी वर्तमानपत्रात छापून आली होती आणि पहिल्या दहा जणींचा सराव सुरू झाला होता. आता आमची शोभा करू नका, सहा महिन्यांनी चाचणी घेऊन दुरुस्त करा, असं त्यांना सांगण्यात आलं.

"मग? केलीत दुरुस्त?"

"चाचणी घेतली. तोवर त्या दहा जणी खरोखरच पहिल्या दहा झाल्या होत्या. दुरुस्त काय करणार?"

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. थोरलीनं खऱ्या क्रमवारीचं विचारलं. ती त्यांनी त्याच दिवशी फाडून टाकली होती. त्यात कोण कुठे होतं ते आता सांगणार नाही, म्हणाले, आणि तिनंही आग्रह धरला नाही. एकच गोष्ट तिला उलगडत नव्हती.

"पण सर, आम्ही दोघी सगळीकडे बरोबर जायचो. मी पहिली चढले, तर ती सगळ्यांत शेवटी कशी?"

शिट्टीसरांनी तिच्याकडे नवलानं पाहिलं.

"तुझे बूट मैदानावर राहिले होते," ते म्हणाले. "ते आणायला ती परत गेली होती."