बँकेसमोरची करडी गाडी

रुपरावांनी फोटो टेबलावर ठेवला आणि ते उभेच राहिले. फोटोत तीच करडी गाडी होती. बँकेच्या पायऱ्यांना लागून, पूर्ण फुटपाथ अडवून.

"आज सकाळचा आहे," ते म्हणाले. "कोणी आलं नाही."

मयुराने अर्ज घेतला, पोच म्हणून शिक्का मारून दिला. सावनेरहून बदली होऊन नागपूरच्या या वाहतूक कार्यालयात शिपाई म्हणून आल्याला तिला तीन महिने झाले होते, आणि दर मंगळवारी हा म्हातारा माणूस ई-रिक्षातून उतरून तिच्यासमोर येत होता. बाकीचे तक्रारदार भांडायचे, कोणा पुढाऱ्याचं नाव घ्यायचे. रुपराव कधी आवाज चढवत नसत. म्हणूनच त्यांना परत पाठवणं तिला जड जाई.

त्यांची हकीकत सगळ्या कार्यालयाला पाठ होती. कळमन्याच्या बाजारात त्यांनी आयुष्यभर भिवापुरी मिरचीची अडत चालवली. मुलगी लग्न होऊन रायपूरला गेलेली, घरात ते आणि सत्यवतीबाई दोघंच. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी सत्यवतीबाई बँकेतून बाहेर पडल्या. पुढे ही गाडी आडवी उभी होती. वळसा घालायला त्या रस्त्यावर उतरल्या आणि मागून पाण्याचा टँकर आला. रुपराव दहा पावलांवर होते.

टँकरवाल्यावर गुन्हा दाखल झाला, त्याला जामीनही मिळाला. पंचनाम्यात गाडीचा उल्लेखच नव्हता. गाडीवाल्यालाही आत घ्या, असं रुपरावांनी त्याच दिवशी ठाण्यात सांगून पाहिलं. तिथल्या साहेबांनी त्यांना पाणी पाजलं, खांद्यावर हात ठेवला आणि जीपमधून घरी पोचवलं. तेव्हापासून ते इथे येऊ लागले.

इथे काय व्हायचं होतं? गाड्या उचलणाऱ्या क्रेनचा ठेका संपला होता, नवा निघाला नव्हता. एक क्रेन उरली होती, ती बड्या पाहुण्यांच्या दौऱ्यात अडकलेली. कार्यालयाच्या फाटकासमोरच, नो पार्किंगच्या पाटीखाली, गाड्यांची दुहेरी रांग लागे, आणि त्यातल्या निम्म्या कार्यालयातल्याच माणसांच्या असत. रुपरावांचे अर्ज फाइलीत जात, फाइल कपाटात जाई.

मयुराने एकदा हवालदार बळीराम यांच्याकडे विषय काढला होता. त्यांची नोकरी संपत आली होती. त्यांनी तिला शांतपणे समजावलं, की शहरात अशा हजारो गाड्या आहेत. आणि हा गाडीवाला तर रोज एकाच जागी लावतो, कोणाला भीत नाही, म्हणजे नक्कीच कोणी वजनदार माणूस असणार.

"तू काहून नसत्या भानगडीत पडून राहिली?" ते म्हणाले होते.

तिने तो विषय सोडून दिला होता. गाडीचा नंबर चलानच्या मशीनमध्ये टाकून मालकाचं नाव पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं. तेवढंही कोणी केलं नव्हतं, तिनेही नाही. आज रुपराव पिशवीत पोच ठेवत असताना तिला त्याची फार लाज वाटली.

"काका, त्या गाडीवाल्याला तुम्ही कधी पाहिलं?" तिने विचारलं.

रुपरावांनी पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाले, "पाहिलं. दोन मिनिटांत निघतो म्हणून लावली होती त्यानं. सगळेच तसं म्हणतात."

"त्याला काय शिक्षा व्हावी तुमच्या मते?"

"ते मले नाही माहीत. कोणी तरी त्याले विचारावं, काहून लावली इथं? इतक्या दिवसांत एकानंही विचारलं नाही."

मयुरा उठली. कपाटामागे चाकाला लावायचे जॅमर पडले होते, धूळ खात. त्यातला एक तिने फडक्याने पुसला आणि नोंदवहीत सही केली. मशीन बळीराम बंदोबस्ताला घेऊन गेले होते, पण तिने त्यांची वाट पाहिली नाही. रुपरावांना स्कूटरवर मागे बसवून ती निघाली.

ऊन चढलं होतं. वाटेत एकही फुटपाथ मोकळा नव्हता. तिला वाटलं, आपण एका चाकाला कुलूप लावणार, त्याने काय होणार आहे? उद्या साहेब बोलावतील, परवा सावनेरची बदली परत मिळेल. तरी ती थांबली नाही.

गाडी जागेवर होती. माणसं तिच्यापाशी येत, रस्त्यावर उतरत, पुढे जाऊन पुन्हा वर चढत. एक बाई कडेवरचं पोर सावरत उतरली, मागून बस गेली, बाई वर चढली. गाडीकडे कोणी पाहतसुद्धा नव्हतं. इतकी ती त्या जागेची झाली होती.

मयुराने गुडघे टेकले, पुढच्या चाकाला जॅमर बसवला आणि कुलूप लावलं. काचेवरचा धुळीचा थर पुसून नोटीस चिकटवली. उठली तेव्हा तिचे हात काळे झाले होते, आणि बऱ्याच दिवसांनी तिला जरा बरं वाटलं. रुपराव चाकाकडे पाहत होते.

तिने त्यांना घरी जायला सांगितलं. मालक आला की वाद घालेल, नाही नाही ते बोलेल, तुम्ही समोर नसलेले बरे, असं ती म्हणाली. तो येईपर्यंत मी इथेच थांबते, असंही म्हणाली.

रुपराव जागचे हलले नाहीत.

"कोणाची वाट पाहता, मॅडम? गाडी माझीच आहे," ते म्हणाले. "त्या दिवसापासून हलवलीच नाही. सत्यवतीचे गुडघे दुखत होते. तिले चालावं लागू नये, म्हणून पायऱ्यांजवळ लावली होती."