बसल्या जागी एकशे वीस

"टेन्शन आहे," डॉक्टरांनी भागीरथाचं मनगट सोडलं. "बसल्या जागी नाडी एकशे वीस. झोपेची गोळी देतो. यांना एकटं सोडू नका."

झालं! विठ्ठलरावांनी बायकोकडे असं पाहिलं, की जणू ती दारव्ह्याच्या दवाखान्यात नाही, विहिरीच्या काठावरच बसली आहे.

कापसाची ती वर्षंच तशी होती. माणूस दोन दिवस गप्प बसला, की घरचे आधी फवारणीचा डबा लपवत, मग विहिरीचा दोर काढून ठेवत, आणि मग विचारत, काय झालं म्हणून. भागीरथाचं काळीज पोळ्यापासून धडधडत होतं. तेव्हापासून तिला शेतात एकटीनं जायची बंदी, विळ्याला हात लावायची बंदी. परसाकडे जायचं तरी सासू मागे. आज दवाखान्यातून गोळ्या घेतल्या की तिला आर्णीला माहेरी नेऊन सोडायचं, हेही ठरून गेलं होतं. ऐन वेचणीत! तिला कोणी विचारलं नव्हतं. वेड्या बाईला कोण विचारतं?

"चाल," विठ्ठलराव उठले.

भागीरथा स्टुलावरून हलली नाही.

"काहून टेन्शन म्हन्ता, डाक्टरसाहेब?"

"घरी काही काळजी असेल. पीकपाणी, भाव..."

"आहे ना! साऱ्या गावाले आहे. मंग साऱ्या गावाचं काळीज काहून नाई पळत?"

"भागीरथे, उगी राह्य," विठ्ठलराव पुटपुटले.

"कायले? तीन महिने उगी राह्यलीच तं."

डॉक्टरांनी आवाज उतरवला. "मनात काही वाईट विचार येतात का?"

"येतात ना. मागं मागं फिरनाऱ्याचं डोस्कं फोडावं वाटते."

डॉक्टरांना हसू आलं, पण भागीरथा हसत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, रागानं.

"मी जीव देऊन नाई राह्यली, साहेब. जगायचं आहे म्हनून इथवर आली. चार भाकरी खाते, तरी बांगड्या कोपरापर्यंत चढतात. सारे पांघरून घेऊन बसतात, मले घाम फुटते. हात थरथरतात. काळीज पळाचं टेन्शनबिगर दुसरं कारनच नसते का?"

"असतं की." डॉक्टर काही वाईट नव्हते. पण त्या वर्षांत दिवसभर तोच एक शब्द बोलून त्यांच्या तोंडाला त्याची सवय जडली होती. "रक्त कमी असलं तर पळतं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी जास्त काम करायला लागली तर पळतं. हृदयाचाच दोष असू शकतो. पण बाई, भीतीनंही पळतं. भीतीची नाडी झोपेत उतरते. तुमची झोपेत कोणी पाहिली?"

"म्या पाह्यली."

कोपऱ्यात बसलेल्या सासूकडे, धुरपताबाईकडे, सगळे वळले. सुनेनं रात्री उठून कुठं जाऊ नये म्हणून म्हातारी पदराला पदर बांधून, तिचं मनगट मुठीत धरून निजत होती.

"मस्त घोरते वो माही सून. अन् हातातली नाडी मातर तशीच, थयथय थयथय."

"मंग सांगितलं काहून नाई, माय?" विठ्ठलराव ओरडलेच.

"तू इचारलं कधी?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. भागीरथाचा गळा चाचपला, पाणी गिळायला लावलं, पुन्हा चाचपला. या खेपेला त्यांना घाई नव्हती.

"गळ्याशी हाताला थोडी सूज लागते," ते म्हणाले. "आधी रक्त तपासू. झोपेची गोळी राहू द्या."

विठ्ठलरावांचा चेहरा एकदम लहान झाला. इतके दिवस बायको हातची जाईल ही भीती होती, ती काही एवढ्यानं निघत नव्हती.

"अन् रक्तात काईच नाई निघालं तं?"

"तं दुसरं तपासू." भागीरथानं बाही वर सारली आणि हात टेबलावर आडवा टाकला. "जित्या मानसाचं रक्त काढतेत, अवो. पोस्टमार्टमले चिरतेत ते मेल्यावर. मी जिती आहो. घ्या साहेब, काढा."