पाचव्या फेरीतली यादी

"दाबा ना काका, चारच मिनिटं उरलीत!" चष्मेवाली जवळजवळ ओरडलीच.

काका उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. बसले मात्र नाहीत. समोर पडद्यावर त्यांच्या गटाची कंपनी होती. पंप बनवणारी, पण खोटी. विद्यापीठाने व्यवस्थापनाचे धडे गिरवायला आणलेल्या सिम्युलेशनमधली. पाचवी फेरी चालू होती आणि तोटा गळ्याशी आला होता. चाळीस कामगार कमी केले तर कंपनी तरणार, नाहीतर बुडणार. गटप्रमुख काका, तेव्हा बटण त्यांनीच दाबायचं.

वर्गातल्या पोरांपेक्षा ते तीस वर्षांनी मोठे. शहराबाहेरचा कारखाना बंद पडला तेव्हा ते तिथेच होते, एवढंच सगळ्यांना ठाऊक. पुढचं कुणी खोदून विचारलं नव्हतं. जखमेवर मीठ कशाला चोळा?

काका यादी वाचत होते. एकेक ओळ. वय, नोकरीची वर्षं, घरातली खाणारी तोंडं.

"अहो, ही माणसं नाहीत, आकडे आहेत," गटातला पैलवान म्हणाला. चष्मेवालीने त्याला कोपराने ढोसलं.

"हा सतरावा," काका पुटपुटले, "याच्या निवृत्तीला सातच महिने उरलेत."

"काका, आमचे मार्क!"

त्यांनी माउसवर हात ठेवला. काढला. तळवा पँटला पुसून पुन्हा ठेवला. दोन मिनिटं. एक. बाकीचे गट केव्हाच बटण दाबून पाय पसरून बसले होते.

वेळ संपली, पडदा लाल झाला. कंपनी दिवाळखोर, गट शेवटचा.

पैलवानाने बॅग उचलली नि चालू पडला. त्याच्यामागून चष्मेवालीही गेली.

वर्ग रिकामा झाल्यावर शिकवणाऱ्या बाई काकांच्या शेजारी येऊन बसल्या. "मनाला लावून घेऊ नका. तुमच्या गटाला मी ही फेरी पुन्हा खेळू देईन. चुकलं माझंच. ज्याला एकदा असं घरी बसवलं, त्याच्या हाती हे बटण द्यायलाच नको होतं."

काकांनी माउस बाजूला सारला.

"मला कुणी घरी बसवलं नाही बाई," ते म्हणाले. "यादी माझ्याच टेबलावर आली होती. तीनशे बारा नावं. एकही न वाचता, चहा निवायच्या आत मी सही करून मोकळा झालो होतो."